कापूर कुठं जातो?

सहावीला विज्ञान शिकवायला लागून मला आता अठरा वर्षं होतील. दरवर्षी पावसाळ्यात एक धडा येतो, पदार्थाच्या अवस्थांचा. स्थायू, द्रव आणि वायू. सगळ्या पुस्तकात याच्याइतका सोपा धडा नाही असं मी पहिली काही वर्षं समजत होते. दोन तासिकांत उरकायचा आणि पुढं जायचं.

चाचणीतला प्रश्नही ठरलेला, प्रत्येकी तीन उदाहरणं लिहा. उत्तरंही ठरलेली. दगड, लाकूड, खुर्ची. पाणी, दूध, तेल. हवा, वाफ, धूर. पोरं पाठ करून यायची, मी लाल पेनानं नऊपैकी नऊ गुण द्यायचे. त्यातलं 'धूर' बरोबर नाही, हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली. धुरात काजळीचे बारीक बारीक कण असतात, ते स्थायूच. हवेबरोबर तरंगतात म्हणून आपण त्यांना वायूच्या रांगेत बसवतो. चहाच्या भांड्यावर जी पांढरी वाफ दिसते, तीही खरं तर वायू नाही. पाण्याची खरी वाफ डोळ्यांना दिसतच नाही. किटलीच्या तोंडाजवळ नीट पाहिलं, तर अगदी तोंडाला लागून एक रिकामी जागा दिसते. खरी वाफ तिथं असते. तिच्या पुढं जे पांढरं दिसतं, ते थंड होऊन पुन्हा पाणी झालेले इवलेसे थेंब.

म्हणजे सोपा म्हणून ज्या धड्याला मी दोन तासिका देत होते, तो मलाच नीट आलेला नव्हता. पण आज लिहायला बसले आहे ते या चुकीबद्दल नाही. दुसऱ्या एका चुकीबद्दल आहे. ती २००८ साली झाली, आणि तिला लाल पेनानं दुरुस्त करता येत नाही.

आधी आमच्या वर्गाबद्दल सांगते. तालुक्याच्या गावातली जिल्हा परिषदेची मराठी शाळा. पटावर चाळीसेक मुलं, त्यातली आठ-दहा आमच्या मोहल्ल्यातली. घरी दखनी बोलणारी, शाळेत मराठी शिकणारी. मीही तशीच शिकले. त्यामुळं 'स्थायू' हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा काय होतं, ते मला माहीत आहे. काही होत नाही. शब्द कानावरून जातो. त्यातून तो वायूशी यमक जुळवून येतो. स्थायू, वायू, आणि पुढच्या कुठल्यातरी धड्यात स्नायू. वर्गातली निम्मी पोरं पहिल्या आठवड्यात स्थायूच्या जागी वायू सांगतात. ज्यांच्या घरी मराठी बोलतात त्यांचंही तेच होतं, कारण स्थायू हा शब्द त्यांच्या घरातही कोणी बोलत नाही. उर्दू माध्यमात शिकणारी माझी मावसबहीण 'ठोस, माए, गैस' असं घोकायची. 'ठोस' हा शब्द हातात घेतल्यासारखा वाटायचा, म्हणून मला तिचा हेवा वाटायचा. 'माए' तिलाही कळायचा नाही.

आणि 'गॅस' म्हणजे काय, असं विचारलं तर अख्खा वर्ग एका सुरात सांगतो, "शेगडी!" त्यांचं चुकत नाही. घरात गॅस पेटतो, गॅस संपतो, गॅसचा नंबर लावावा लागतो. एकदा एक मुलगी म्हणाली, "बाई, पण आमच्या गॅसच्या टाकीत पाणी आहे. हलवली की डुचमळतं." वर्ग हसला. मुलगी बरोबर होती. टाकीत पाणी नसतं, पण द्रव असतो. प्रोपेन आणि ब्युटेन दाबाखाली ठेवले की द्रव होतात, म्हणून तर १४.२ किलो गॅस एवढ्याशा टाकीत मावतो. नळी उघडली की दाब सुटतो आणि द्रवाचा वायू होऊन शेगडीपर्यंत येतो. रोज टाकी हलवून 'किती राहिला' ते पाहणाऱ्या घरातल्या पोरीला हे आधीच ठाऊक होतं. फक्त तिच्याकडं पुस्तकातला शब्द नव्हता.

अशी उदाहरणं जमत गेली तसं मला कळायला लागलं की पोरं रिकाम्या हातानं वर्गात येत नाहीत. मराठी घरातली मुलं सर्रास म्हणतात, "बर्फ विरघळला." साखर विरघळते आणि बर्फही विरघळतो. आमची दखनी बोलणारी पोरं मात्र ही चूक करत नाहीत. "बर्फ पिघलता, शक्कर घुलती." दोन वेगळ्या गोष्टींना दोन वेगळे शब्द. बर्फ वितळतो तेव्हा त्याला दुसऱ्या कोणाची गरज नसते, फक्त ऊब लागते. साखर विरघळायला पाणी लागतं. हा फरक समजावताना मी दरवर्षी घसा कोरडा करायचे. आणि वर्गातली आठ-दहा पोरं तो फरक घरून घेऊन यायची, पण बोलायची नाहीत. कारण शाळेत दखनी बोललं की हसतात. दुसरीकडं, मराठीत 'थिजणं' आणि 'गोठणं' हे दोन शब्द आहेत. तूप थिजतं, पाणी गोठतं. आमच्याकडं दोन्हीला 'जमना'. म्हणजे देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होऊ शकली असती. वर्गात ती घडवून आणणं माझं काम होतं, आणि ते मी करत नव्हते.

आता २००८ ची गोष्ट.

स्थायूचा एकदम वायू होतो, मधे द्रव होत नाही, याला संप्लवन म्हणतात. याचं उदाहरण म्हणून मी कापराच्या वड्या नेल्या होत्या. एक वडी बाकांवरून फिरवली. वास घ्या, तोंडात घालू नका, पुढं द्या. कापूर पोटात गेला तर विषारी असतो, म्हणून एवढी ताकीद. पोरं नाकाशी धरून वास घेत होती. "बाई, आरतीचा वास!" "बाई, गणपतीचा!" मी खूश. वडी मागच्या बाकावर गेली. तिथं आमच्या मोहल्ल्यातला एक मुलगा बसायचा. त्याची दादी महिना-दीड महिन्यापूर्वी गेली होती. मी स्वतः मय्यतीला जाऊन आले होते. त्यानं वडी हातात घेतली, वास घेतला आणि नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हणाला, "बाई, ये तो दादी के मय्यत का वास है."

वर्ग गप्प झाला. मग पुढचं कोणीतरी फिसकन हसलं. तो हसण्याकडं बघत नव्हता. माझ्याकडं बघत होता. आणि त्यानं विचारलं, "बाई, फिर कबर में काफूर कित्ते दिन रहता?"

मला आज लिहितानाही तो क्षण तसाच आठवतो. माझ्या मनात काय आलं ते खरं सांगते. हा काय म्हणाला, यापेक्षा हा 'वर्गात' काय म्हणाला, हे आधी आलं. कबर, मय्यत, काफूर हे सगळे शब्द या वर्गात, चाळीस पोरांसमोर. उद्या कोणाच्या घरी काय सांगितलं जाईल? बाई शाळेत कबरीचं शिकवतात असं? मी त्या शाळेत नवी होते. आडनावावरून आधीच दोनदा विचारून झालं होतं. मी म्हणाले, "ते राहू दे. परीक्षेला येणार नाही ते." आणि वडी परत मागून घेतली.

तो बसला. त्यानंतर वर्षभर विज्ञानाच्या तासाला त्यानं तोंड उघडलं नाही. हजर असायचा, वही पूर्ण असायची. नऊपैकी नऊसुद्धा मिळवले असतील. पण प्रश्न विचारला नाही. मी तो धडा दोन तासिकांत पूर्ण केला.

त्याचा प्रश्न किती चांगला होता, हे नंतर समजलं. बाकीच्यांना 'वास येतो' एवढंच दिसलं होतं. यानं पुढचं पाहिलं होतं. वास येतो म्हणजे त्यातलं काहीतरी सुटून येतं. म्हणजे वडी कमी होणार. म्हणजे कधीतरी संपणार. मग जमिनीखाली, जिथं वारा नाही, तिथं किती दिवस टिकेल? हा प्रश्न त्याच्या दादीबद्दलचा होता आणि तो पुरता विज्ञानाचाही होता. मी त्यातलं फक्त पहिलं ऐकलं आणि घाबरले.

२०१७ च्या थंडीत माझी अम्मी गेली. गुस्ल आम्हीच दिलं, मी, माझी बहीण आणि फुफी. ज्यांनी हे केलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. बोरीची पानं घालून उकळलेल्या पाण्यानं अंघोळ घालतात आणि शेवटच्या पाण्यात काफूर घालतात. प्रेषितांनी (स.) आपल्या मुलीच्या गुस्लच्या वेळी बायकांना असंच सांगितलं होतं, ही हदीस आहे. मग सजद्याच्या जागी, म्हणजे कपाळ, नाक, दोन्ही तळहात, गुडघे आणि पाय जिथं जिथं जमिनीला टेकतात तिथं काफूर लावतात. फुफी सांगत होती, मी वडी बोटांनी चुरत होते. त्या वासात मला एकदम मागचं बाक आठवलं. तोवर नऊ वर्षं झाली होती.

उरलेल्या काफूरची पुडी अम्मीच्या कपाटात राहिली. दुपट्ट्यांच्या घडीत कोणीतरी ठेवली असावी. पावसाळ्याआधी कपाट आवरायला घेतलं तेव्हा पुडी सापडली. कागद जसा दुमडला होता तसाच. आत काहीच नव्हतं. दुपट्ट्यांना मात्र अजून वास होता. मी त्या कपाटापुढं बराच वेळ बसले. कापूर वितळला असता तर कागदावर डाग पडला असता. तो सुमारे १७५ अंश सेल्सिअसला वितळतो, आमच्या कपाटात तेवढी उष्णता कुठून येणार? तो वितळलाच नव्हता. एकेक कण करून सरळ हवेत गेला होता. काही कपड्यांत गेला, काही फटीतून खोलीत, आणि काही आमच्या छातीत गेला असेल. जे मी दहा वर्षं फळ्यावर लिहीत होते, ते पहिल्यांदा पाहिलं.

त्या वर्षी मी तो धडा दोन तासिकांत नाही, जवळजवळ तीन आठवडे शिकवला. वेळापत्रकाचं काय झालं ते विचारू नका.

सुरुवात परिपाठाच्या रांगेपासून केली. रांगेत उभी पोरं म्हणजे स्थायू. प्रत्येकाची जागा ठरलेली, पण गप्प कोणी नाही. जागा न सोडता चुळबुळ चालू. स्थायूतले कणही असेच असतात. ते थांबलेले नसतात, जागच्या जागी हलत असतात. मधल्या सुट्टीत खिचडीच्या पातेल्याभोवतीची गर्दी म्हणजे द्रव. एकमेकांना खेटून, पण जागा बदलत, सरकत, वाट मिळेल तिकडं. आणि शाळा सुटल्याची घंटा झाली की वायू. आमच्या लोकांसाठी याहून चांगलं उदाहरण ईदगाहचं आहे. नमाजच्या वेळी खांद्याला खांदा लावलेल्या सफा. खुतबा संपला की गळाभेटी, सफा मोडतात, माणसं माणसांतून वाट काढतात. अर्ध्या तासानं मैदानात चार चपला आणि फुगेवाला. तीच माणसं, तेवढीच माणसं. बदलली ती त्यांच्यातली अंतरं आणि त्यांची मोकळीक. वाफ आणि बर्फ यांच्यात पाणी तेच असतं, हे यातून पोरांना पटतं.

मग वाळू. "वाळू भांड्याचा आकार घेते, ओतता येते, मग ती द्रव का नाही?" हे एका मुलानं विचारलं आणि मी उत्तर दिलं नाही. ताटात एकीकडं वाळू ओतायला लावली, दुसऱ्या ताटात पाणी. वाळूचा ढीग झाला. पाण्याचा होत नाही, ते सपाट पसरतं. मग भिंगातून एक कण पाहिला. तो कण ना वाकत होता, ना पसरत होता. रवा, पीठ, साखर, सगळ्यांची हीच परीक्षा. पोरांनी घरी जाऊन मधाची केली, दह्याची केली. दह्यावरून दोन दिवस भांडणं झाली. मी निकाल दिला नाही. दही खरंच सरळ कुठल्या रांगेत बसत नाही, हे त्यांनी पाहावं असं वाटलं.

सुई नसलेली सिरिंज घेतली. हवा भरून तोंडावर बोट दाबलं आणि दट्ट्या रेटला. दट्ट्या आत जातो, सोडला की परत येतो. पाणी भरून तेच केलं तर दट्ट्या हलत नाही. "हवा म्हणजे काहीच नाही" असं म्हणणारी पोरं सिरिंज हातातून सोडेनात. हवा जागा व्यापते, हवा दाबता येते. दोन रुपयांच्या सिरिंजनं जे झालं ते माझ्या भाषणानं कधी झालं नव्हतं.

वायू पसरतो हे दाखवायला मी अत्तराची कुपी नेली. शुक्रवारी आमच्या घरात ती लागतेच. एका कोपऱ्यात कापसावर दोन थेंब घातले, ज्याला वास येईल त्यानं हात वर करायचा. पंखा बंद ठेवायचा होता, पण वीजच नव्हती, त्यामुळं तो प्रश्न मिटला. पहिल्या बाकापासून हात वर होत गेले, अगदी सरळ रांगेत नाही, खिडकीकडची पोरं मागं राहिली. ते का, यावर आणखी एक तासिका गेली. मग अत्तर कसं काढतात ते सांगितलं. उत्तर प्रदेशातल्या कनौजला अजूनही देग-भपक्याची पद्धत आहे. तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी घालून तोंड मातीनं बंद करतात, खाली जाळ. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात जाते, आणि भपका गार पाण्यात बसवलेला असतो. तिथं वाफेचं पुन्हा पाणी होतं, आणि वास चंदनाच्या तेलात उतरतो. तिथं भाजलेल्या मातीचंही अत्तर काढतात, पहिल्या पावसाच्या वासाचं. "बाई, हे तर बिर्याणीच्या दमासारखं," एक मुलगी म्हणाली. अगदी तसंच. कणकेनं झाकण बंद केलं की वाफ आतच फिरते, झाकणाला लागून थेंब होते, पुन्हा तांदळावर पडते. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून जास्त जागा मागते. म्हणूनच वर वजन ठेवतात.

इथं एक गोष्ट बोलून घेते. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी यांनी अत्तरं आणि अर्क काढण्यावर पुस्तक लिहिलं होतं, हे मी पोरांना सांगितलं. पण 'विज्ञान सगळं आमच्याच लोकांनी शोधलं' असे जे संदेश आमच्या गटांमधून फिरतात, ते मला वर्गात नको असतात. 'गॅस' हा शब्द सतराव्या शतकात व्हान हेल्मॉन्ट या फ्लेमिश वैद्यानं घडवला. ज्ञान असंच हातोहात आलं आहे. पोराला बढाई देऊन काही मिळत नाही. कुपी हातात दिली तर मिळतं.

शेवटी कापूर. या वेळी वडी फिरवली आणि आधी मीच बोलले. "माझी अम्मी गेली तेव्हा मी हा हातानं चुरला होता. आमच्याकडं मय्यतला काफूर वापरतात." माझा आवाज जरा हलला असेल. वर्गात कोणी हसलं नाही. एक मुलगी म्हणाली, "आमच्या आजीच्या वेळी पण चितेवर कापूर घातला होता." दुसरा म्हणाला, "माझ्या बहिणीला सर्दी झाली की आई कापराची पुरचुंडी गळ्यात बांधते." ज्याला ज्याला जे आठवलं ते तो सांगत गेला. नऊ वर्षं ज्याची भीती वाटली ते घडलंच नाही. कोणाच्या घरून कोणी आलं नाही.

मग शास्त्र. आरतीत कापूर नाहीसा होतो आणि कपाटात नाहीसा होतो, दोन्ही एकच का? नाही. आरतीत तो जळतो. हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून त्याचं दुसरंच काही होतं, तो परत मिळत नाही. कपाटात तो फक्त वायू होतो, पण कापूरच राहतो. आणि वायू झालेला परत मिळवता येतो. मी बशीत चुरा घेतला, वर काचेचं नरसाळं उलटं ठेवलं, त्याच्या तोंडात कापूस घातला आणि वाळूच्या थरावरून अगदी मंद आच दिली. पोरांना लांब उभं केलं होतं, कारण ही वाफ पेट घेते. थोड्या वेळात नरसाळ्याच्या आतल्या गार भागावर पांढरे कण धरले. कोणी बोलेना. एक मुलगा पुटपुटला, "परत आला."

मागच्या बाकावरचा तो मुलगा मला दोन वर्षांपूर्वी भेटला. आमचा फ्रीज बिघडला होता. ज्याला फोन केला तो हाच निघाला. नववीनंतर शाळा सुटली, मामाबरोबर फ्रीज-एसीचं काम शिकला, आता स्वतःचं दुकान आहे. मागची जाळी पुसता पुसता तो मला समजावत होता. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, तो तापतो. या जाळीत उष्णता बाहेर टाकून त्याचा द्रव होतो, म्हणून जाळी गरम लागते. मग बारीक नळीतून तो आतल्या भागात सुटतो, तिथं पुन्हा त्याचा गॅस होतो, आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या दुधा-भाजीतून घेतो. म्हणून आत गार. अवस्थांतर आणि उष्णता, दोन्ही यात आलं, आणि त्यानं 'द्रव' हा शब्द एकदाही वापरला नाही. मग साबणाचा फेस करून सांध्यांवर लावला. एका ठिकाणी बुडबुडा धरला. "यहाँ से निकल रा, बाई."

चहा देताना मी विचारलं, तुला तो कापराचा तास आठवतो का? त्याला आठवत नव्हता. "तुमे बहोत अच्छा पढाते थे, बाई," असं म्हणाला. ते ऐकून बरं वाटायला हवं होतं.

मी त्याला त्याचा प्रश्न सांगितला. तो कप धरून जरा वेळ गप्प बसला. दादी आठवली असेल. मग मी उत्तर दिलं, सोळा वर्षं उशिरा. मातीच्या कणांमध्ये हवा असते, कापराची वाफ त्या फटींतून हळूहळू वर सरकते. उघड्यावर ठेवलेल्या वडीपेक्षा पुष्कळ जास्त दिवस लागत असतील. माती कशी, ओल किती, खोली किती, यावर ते ठरतं. पण कायम राहत नाही. "मतलब उड जाता," तो म्हणाला. "हौ, उड जाता." कुरआनात सूरह दहरमध्ये जन्नतच्या पेयात काफूरची मिसळ असल्याचा उल्लेख आहे, तेही मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, हे त्याला माहीत होतं, मदरशात शिकला होता. त्या दिवशी वर्गात मी ऐकून घेतलं असतं, तर हे त्यानंच सगळ्यांना सांगितलं असतं.

आता चाचणीतला तो प्रश्न मी बदलला आहे. 'प्रत्येकी तीन उदाहरणे' काढून टाकलं. त्याऐवजी लिहायला सांगते: आज तुमच्या घरात काय वितळलं, काय थिजलं, काय उडून गेलं? घरी जे शब्द बोलता त्या शब्दांत लिहिलं तरी चालेल, शेजारी पुस्तकातला शब्द लिहा. आईबापांनाही एवढंच सांगणं आहे, पोरानं स्वयंपाकघरात काही विचारलं तर 'शाळेत विचार' म्हणू नका. त्या वेळी हातातलं भांडं दाखवा, भाषा कुठलीही चालेल.

गेल्या चाचणीत एका मुलीनं तिसऱ्या प्रश्नाला एकच ओळ लिहिली होती. तिचे वडील बाजार समितीत हमाली करतात. तिनं लिहिलं, "अब्बाच्या शर्टातलं पाणी उडून गेलं, पाठीवर पांढरं मीठ राहिलं. बाष्पीभवन."

मी पूर्ण गुण दिले, आणि तिची परवानगी घेऊन ती ओळ वर्गात वाचून दाखवली.